पंधरा किलोंच्या आतला टोमॅटो

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकाने टोमॅटो लावू नये, असा कुठे कायदा नाही. असता, तर सेक्रेटरींनी तो सगळ्यांच्या आधी पाळला असता. कायदा पाळणे हा त्यांचा छंद होता आणि त्यांना दुसरा छंद नव्हता. बायकोची नेमकी हीच तक्रार होती.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. निवृत्त झाल्यावर ते पद त्यांच्या गळ्यात पडलं, कारण त्या सभेला वेळेवर आलेले ते एकटेच होते. त्याआधी उभी नोकरी त्यांनी बाजारात काढली होती. ते दुकानाच्या पायरीवर दिसले की दुकानदाराचा तराजूवरचा हात आपोआप वर जायचा. आता बाजार सुटला आणि समोर उरलं फक्त स्वयंपाकघर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सिद्ध केलं की घरातल्या एकाच संचातल्या दोन चमच्यांत सारखी साखर मावत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी बायकोला विचारलं की आमटीत मीठ ती कशाच्या आधारावर घालते. ती म्हणाली, "अंदाजे." सेक्रेटरी तिच्याकडे असे बघत राहिले, की जणू तिने मापात पाप कबूल केलं होतं.

बायको घरी कपडे दुरुस्तीचं काम करायची. पँटी आखूड करणं, कंबर सैल करणं, कुणाचं वजन उतरलं तर पुन्हा आवळणं, पडद्यांना दुमड घालणं. तिचं मशीन झोपायच्या खोलीत कपाटाच्या आड होतं. तिथे उजेड असा नव्हताच. सुईत दोरा ओवायला ती दर वेळी उठून हॉलच्या खिडकीशी यायची. त्या खिडकीशी जेवणाचं टेबल होतं आणि त्या टेबलाशी सेक्रेटरी होते: एक वर्तमानपत्र, चष्मा, दुसरं वर्तमानपत्र आणि पहिल्यातली बातमी दुसऱ्यात वेगळी का आली यावरची नाराजी, हे सगळं दुपारपर्यंत पसरून. म्हणून तिचं म्हणणं होतं की गॅलरीला सरकत्या काचा लावून घ्याव्यात आणि मशीन तिथे हलवावं.

सेक्रेटरींनी ते साफ उडवून लावलं. गॅलरी ही मंजूर नकाशात मोकळी जागा होती. ती बंद करणं नियमाबाहेर होतं. सगळ्यांनी बंद केल्यात, असं बायको म्हणाली. सगळ्यांना नोटिसा दिल्यात, असं ते म्हणाले.

"मग करता काय तुम्ही तिथे?" तिने विचारलं. "कबुतरं मोजता?"

हे झोंबलं. तोंडाला येईल ते बोलून जायची सवय नसलेला माणूस जेव्हा तसं बोलतो तेव्हा महागात पडतं. सेक्रेटरी म्हणाले, "मी तिथे बाग करणार आहे."

त्यांच्या आजवरच्या बेतांचं काय झालं, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. बासरी पेटीतच होती. योगासनांची चटई सध्या इस्त्रीखाली होती. त्यामुळे बायकोने त्याच दुपारी परगावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला आणि फोनवर साक्षीदार ठेवून पैज पक्की झाली. मुलगी सुट्टीला घरी येईपर्यंत गॅलरीतल्या झाडावर पिकलेला एक लालभडक टोमॅटो तिच्या हातात पडला, तर गॅलरी कायमची मोकळी, काचांचं नाव काढायचं नाही. नाही पडला, तर दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमवाला माप घ्यायला येणार. मुलगी निःपक्षपाती होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "आई, ॲल्युमिनियमवाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे? की मी पाठवू?"

सेक्रेटरी रोपवाटिकेत गेले ते हा सल घेऊनच. तिथल्या बाईंनी त्यांना एक वीतभर रोप दाखवलं. बुटकी जात होती. दोन फुटांच्या वर जात नाही, आधाराला काठी नको, छाटणी नको, कुंडीत छान राहतं, आपलं आपण वाढतं. सेक्रेटरींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि देखभाल नेमकी किती लागते, असं विचारलं.

"काहीच नाही. आळशी माणसाचं झाड आहे हे," बाई कौतुकाने म्हणाल्या.

सेक्रेटरींनी ते रोप घेतलं ते केवळ हा शब्द खोटा पाडायला.

आता इथे इमारतीच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. मागे एकदा इमारत बघायला आलेला इंजिनीअर जाता जाता म्हणून गेला होता की गॅलऱ्यांत फार जड कुंड्या ठेवू नका. फार म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही. सेक्रेटरींना रात्रभर झोप लागली नाही. आकड्याशिवायचा नियम म्हणजे त्यांच्या लेखी दांडीशिवायचा तराजू. त्यांनी विचार करून पंधरा किलो हा आकडा घातला, 'गॅलरीतल्या झाडाचं वजन पंधरा किलोंच्या आत' असा ठराव करून खालच्या बोर्डावर लावला आणि ताणकाटा घेऊन घरोघर फिरले. हा ताणकाटा, म्हणजे आकडीला माल अडकवून लटकवायचा स्प्रिंगचा काटा, त्यांना निरोपसमारंभात खात्याने भेट दिला होता. त्या मोहिमेत वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचं लिंबाचं झाड पकडलं गेलं. पिंपात लावलेलं होतं. त्याची रवानगी गच्चीवर झाली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून जिन्यात भेटल्या की सेक्रेटरींच्या चपलांकडे बघायच्या, आणि सेक्रेटरींना आपण चिखल आणलाय असं वाटायचं.

तेव्हा सेक्रेटरी स्वतःच्या नियमाबाबत गाफील राहणं शक्य नव्हतं. रोपवाटिकेतच त्यांनी रिकाम्या कुंड्या काट्याला लावून पाहिल्या आणि सगळ्यांत हलकी निवडली. माती कोरडी करून, चाळून, तोलून भरली. शेणखत तोललं. रोपही तोललं. एकूण साडेतेरा किलो. दीड किलोची मोकळीक होती. ती टोमॅटोंसाठी राखून ठेवली होती. त्यांनी कुंडी गॅलरीत मांडली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि समाधानाने तिला पोटभर पाणी घातलं.

माणसाने आयुष्यभर तांदूळ, साखर, चहाची पावडर आणि खिळे तोलले, की त्याच्या एक गोष्ट लक्षातून जाऊ शकते. पाण्यालाही वजन असतं.

काटा सोळाच्या पुढे गेला. सेक्रेटरींनी काटा झटकला. चष्मा पुसला. पुन्हा तोललं. मग हॉलमध्ये येऊन ते वर्तमानपत्र न उघडता टेबलाशी बसले. बायकोने विचारलं काय झालं. ते म्हणाले, "काही नाही. मीच गुन्हेगार आहे."

त्या दिवसापासून देखभाल नको असलेल्या झाडाची देखभाल सुरू झाली. सकाळी उठल्याबरोबर कुंडी तोलायची. काटा काय सांगतो ते बघून पाणी ठरवायचं. पंधराला टेकेल इतकंच, थेंबभर जास्त नाही. आता पंधरा किलोंची कुंडी रोज उचलून काट्याला अडकवणं, हे साठी ओलांडलेल्या कमरेचं काम नव्हे. म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायच्या दांडीची कप्पी वापरली. कुंडीला तीन बाजूंनी दोरी बांधली, वर काटा, त्यावर कप्पी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी बुटकं टोमॅटोचं रोप गॅलरीत सावकाश वर चढायचं, थोडं गिरकी घ्यायचं, आणि सेक्रेटरी मान वर करून त्याच्याकडे एकटक बघत उभे राहायचे. समोरच्या इमारतीतले एक वयस्क गृहस्थ पहिल्या दिवशी आपल्या गॅलरीत सावधान उभे राहिले होते. पुढे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

या सोहळ्यामुळे सेक्रेटरींची सकाळ गॅलरीत जाऊ लागली. मग वर्तमानपत्रही तिथेच आलं. मग खुर्ची आली, आणि पुढे जेवणाचं ताटही. कुंडी नुसती सोडून कशी जाणार?

सल्ले द्यायला माणसं कमी पडत नाहीत. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांना सगळे बँकवाले म्हणत. ते संध्याकाळी वर आले, झाडाकडे थकलेल्या कर्जदाराकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले की बगलेतून फुटणारे कोंब खुडायला हवेत. नाहीतर झाडाची ताकद वाटली जाते. सेक्रेटरींना ताकदीचं फारसं पडलेलं नव्हतं. कोंबांना वजन असतं, हे मात्र त्यांना पटलं. त्यांनी सगळ्यांत जाड तीन कोंब काढले आणि तोलले. काटा हलला नाही. मग त्यांनी रोपाबरोबर कुंडीत खोचून आलेल्या माहितीच्या पट्टीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. या जातीचे कोंब काढू नयेत, फळं त्यांच्यावरच धरतात, असं तिथे लिहिलेलं होतं. ते ती पट्टी घेऊन बँकवाल्यांकडे गेले. बँकवाले म्हणाले, "बारीक अक्षरं आधी वाचायची असतात. आम्ही लोकांना किती वर्षं हेच सांगत आलो."

शिक्षिकाबाईंनीही सल्ला दिला. जिन्यात थांबून, चपलांकडे बघत त्या म्हणाल्या की झाडाला पाणी लागतं. एवढंच. सेक्रेटरींना दिवसभर कळेना, हा सल्ला होता की टोमणा.

पाणी लागत होतंच. ऊन वाढलं आणि झाड दुपारी माना टाकू लागलं. पानं अशी लोंबायची की सेक्रेटरी भरलेला तांब्या घेऊन दारापर्यंत यायचे. पण काट्यापुढे ते हतबल होते. दुसऱ्याचं लिंबू गच्चीवर पाठवणाऱ्या माणसाने स्वतःच्या टोमॅटोला पाव किलोची सूट दिली, तर उद्या जिन्यात चपला काढून चालायची वेळ आली असती. तशात पिवळी फुलं आली आणि टपटप गळूही लागली. सेक्रेटरी गळलेलं प्रत्येक फूल उचलून तळहातावर घ्यायचे. बायको आतून विचारायची, "तोलायचंय का?"

मग एक विचित्र गोष्ट घडू लागली. संध्याकाळी तोलावं तर कुंडी सकाळपेक्षा जड भरायची. पाऊस नाही, सकाळनंतर पाणी घातलेलं नाही आणि वजन वाढतंय. असा माल त्यांनी नोकरीतही पाहिला नव्हता. तिथे माल नेहमी उलट दिशेने बदलायचा. झाड मात्र टवटवीत होऊ लागलं होतं. फुलं गळायची थांबली. काही फुलांच्या जागी हिरवे मणी दिसू लागले.

कुणीतरी लबाडी करत होतं. सेक्रेटरींचा पहिला संशय शिक्षिकाबाईंवर गेला. वरून पाणी सोडून आपल्याला नियमाबाहेर ढकलायचं, हा सूड किती शांत आणि किती सुशिक्षित होता! दुपारी ते जेवले, नेहमीप्रमाणे आडवे झाले, घोरण्याचा आवाज काढला आणि दबक्या पावलांनी उठून हॉलच्या दाराआड उभे राहिले.

गॅलरीत त्यांची बायको होती. एका हातात स्वयंपाकघरातलं भांडं. दुसऱ्या हाताने ती फुलांच्या देठांना हळूच टिचक्या मारत होती.

"सापडलीस," सेक्रेटरी म्हणाले. बाजारातला आवाज बऱ्याच दिवसांनी बाहेर आला होता.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "टिचकी मारली की फळ धरतं. रोपवाटिकेतल्या बाईंना फोन केला होता."

"पण पाणी कशाला? झाड मेलं तर गॅलरी तुझीच आहे."

"सुकत होतं बिचारं," ती म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली.

सेक्रेटरींनी तिने टिचकी मारलेल्या फुलाकडे पाहिलं. त्यांना भरून आलं. सगळं पणाला लागलेलं असताना प्रतिस्पर्ध्याच्या झाडाला पाणी घालणारी बाई! आपण हिला आमटीतल्या मिठाचा हिशोब विचारला. त्या संध्याकाळी त्यांनी आमटी पानात पडली तशी निमूटपणे खाल्ली आणि मीठ बरोबर असल्याचं स्वतःहून सांगितलं. दुपारच्या पाण्याबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळचं तोलणं त्यांनी बंद केलं. जे पाहिलंच नाही त्याची नोंद कशी करणार?

पुढे मग फळांनी गोंधळ घातला. या बुटक्या जातीला दम धरवत नाही, असं दिसलं. झाड दोन फुटांवर थांबलं ते थांबलंच, आणि सगळा जोर फळांत घातला. आठ, बारा, वीस. लिंबाएवढे झाले. मग मोठ्या लिंबाएवढे. एखाद्या बापाला मुलांची वाढ पाहून धडकी भरावी, तसं सेक्रेटरींचं झालं. प्रत्येक टोमॅटो त्यांना गॅलरीच्या जवळ नेत होता आणि नियमाच्या बाहेर. पाणी कमी करायला जागा उरली नव्हती. त्यांनी कुंडीतले वरचे खडे काढले. दोरी बदलून बारीक आणली. एकदा तर ते पिकू लागलेल्या पानांकडेही वजन कमी करायच्या नजरेने बघू लागले होते.

आणि अशात बँकवाल्यांची तक्रार आली. दुपारी ओसंडलेलं पाणी खाली त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर पडलं होतं. पाठीवर मातीचे डाग. बँकवाल्यांनी शर्ट पुरावा म्हणून घडी घालून आणले. त्यांनी तोंडी काही मागितलं नाही. सेक्रेटरींनी योग्य ती कारवाई करावी, एवढंच म्हटलं.

सेक्रेटरींनी योग्य ती कारवाई केली. सेक्रेटरी या नात्याने त्यांनी स्वतःला नोटीस काढली. स्वतःच्या सहीने ती खालच्या बोर्डावर लावली, वर आले, दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने सदस्य म्हणून ती वाचायला पुन्हा खाली गेले. वाचून त्यांना भाषा जरा कडक वाटली. घरी येऊन त्यांनी खुलासा लिहिला: कुंडी सकाळी मर्यादेत असते, दुपारचं माहीत नाही. सेक्रेटरी म्हणून त्यांनी तो खुलासा वाचला आणि समाधानकारक नाही असा शेरा मारला. बायको मशीनवर पँट दुमडत होती. ती म्हणाली, "एवढं रागावू नका त्यांच्यावर. ते पण वयस्कर आहेत."

शेवटी कमिटीने येऊन सर्वांसमक्ष कुंडी तोलावी असं ठरलं. कमिटीत तिघे होते. बँकवाले, शिक्षिकाबाई आणि सेक्रेटरी. मुलगी त्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होती. झाडावर एकही टोमॅटो अजून पुरता लाल झालेला नव्हता. दोन-तीन केशरी झाले होते. एक जरा जास्त. त्या एकावर सेक्रेटरींची गॅलरी अडकलेली होती.

रविवारी दुपारी ते तिघे गॅलरीत दाटीवाटीने उभे राहिले. समोरचे वयस्क गृहस्थ त्यांच्या गॅलरीत हजर होते. सेक्रेटरींनी दोरी ओढली. झाड वर चढलं, फळं हिंदकळली, काटा थरथरला आणि स्थिर झाला.

काटा वाचायच्या शंभर पद्धती असतात. जरा डावीकडून पाहिलं तर थोडा कमी दिसतो. जरा वाकलं तर आणखी कमी. बाजारातल्या प्रत्येक लबाडाने या पद्धती सेक्रेटरींवर वापरून पाहिल्या होत्या. सेक्रेटरी काट्याच्या बरोबर समोर उभे राहिले, डोळे काट्याच्या पातळीत आणले आणि म्हणाले, "सोळा किलो दोनशे. मर्यादेबाहेर."

बँकवाले मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले की चार-पाच हिरवे तोडून टाका, थोडं पाणी सुकू द्या, बसेल पंधरात. पण सेक्रेटरींनी मान हलवली. पकडल्यावर वजन बदलणं हाच तर गुन्हा असतो. ते म्हणाले की कुंडी गच्चीवर जाईल. आजच. शिक्षिकाबाई या वेळी चपलांकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

गच्चीवर गेलेलं झाड गॅलरीतलं नव्हे. पैज तिथेच संपत होती. सेक्रेटरी दोरी सोडायला वळले, तेव्हा बायको हात पुसत गॅलरीच्या दारात आली.

"एक विचारू का कमिटीला?" ती म्हणाली. "हे आयुष्यभर बाजारात काय सांगत फिरले? मिठाईवाल्याने खोक्यासकट मिठाई तोलली, की दंड. तेलवाल्याने डब्यासकट तेल तोललं, की दंड. डब्याचं वजन मालात धरायचं नाही, हे मी लग्न झाल्यापासून जेवताना ऐकतेय. मग आज डबा मालात कसा धरला?"

सेक्रेटरी दोरी हातात धरून उभे राहिले.

"बोर्डावर काय आहे, झाडाचं वजन पंधरा," ती पुढे म्हणाली. "कुंडी म्हणजे डबा. माती डब्यातच. झाड किती आहे, ते सांगा."

पुढचा काही वेळ सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. त्यांचा नियम एका बाजूला आणि त्यांचं आयुष्य दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध स्वतःच काटा. त्यांना हरकत सापडेना. हजारो दुकानदारांना हेच वाक्य त्यांनी ऐकवलं होतं. त्यातल्या एकालाही त्यांनी सूट दिली नव्हती.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "निव्वळ मालच धरायला हवा."

"मग झाडाचं निव्वळ वजन किती?" बँकवाल्यांनी विचारलं. ते आकडा ऐकल्याशिवाय कुठूनही उठत नसत.

झाड उपटल्याशिवाय ते तोलता येणार नव्हतं. सेक्रेटरींनी झाडाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग घसा खाकरून, कुणाच्याही डोळ्यांत न बघता ते हळूच म्हणाले, "अंदाजे दोन किलो."

बायकोने फक्त पदर खोचला आणि ती आत गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज यायला थोडा उशीर लागला, इतकंच.

कुंडी निर्दोष ठरली. शर्ट सेक्रेटरींनी स्वतः धुऊन द्यायचे, असं मिटलं. तेवढ्यात शिक्षिकाबाई पहिल्यांदाच स्वच्छ आवाजात बोलल्या. "म्हणजे माझं लिंबूही," त्या म्हणाल्या, "पिंप सोडून तोलायला हवं होतं. नाही का?"

तेही बरोबर होतं. सेक्रेटरी लगेचच गच्चीवर गेले आणि ते पिंप, माती आणि लिंबासकट, पायरी पायरी करत खाली आणलं. बँकवाले पुढून सूचना देत होते आणि शिक्षिकाबाई मागून चपला सांभाळा असं सांगत होत्या. पिंपाचं वजन त्यांनी तोललं नाही. त्यांच्या कमरेने तोललं आणि पुढे बरेच दिवस तो आकडा लक्षात ठेवला. संध्याकाळपर्यंत नियमाखाली पकडलेल्या इतर कुंड्याही गच्चीवरून एकेक करून आपापल्या घरी परतल्या. त्या सगळ्या नेमक्या कोणाला धरायला सांगितल्या गेल्या, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. सेक्रेटरी दारातच तिचा हात धरून तिला गॅलरीत घेऊन गेले. केशरी टोमॅटो रातोरात लाल झाला होता. झाडाच्या बाजूने विचार करायचा तर त्याच्यावरचं दडपण उतरलं होतं. मुलीने तो तोडला, अंगातल्या सदऱ्याला पुसला आणि उभ्याउभ्या चावून खाल्ला. आई दारात उभी होती. तिने आपला पराभव इतक्या खेळीमेळीने स्वीकारला की सेक्रेटरींना जरा चुटपुट लागली.

त्यानंतर झाडाने कुणालाच उसंत दिली नाही. या जातीची सगळी फळं एकदमच पिकतात, हेही त्या पट्टीवर बारीक अक्षरांत होतं. टोमॅटो वरच्या मजल्यावर गेले, खाली गेले, समोरच्या वयस्क गृहस्थांना पोचले. बँकवाल्यांना शर्टांबरोबर गेले. आठवड्याभरात झाड रिकामं झालं. आणि मग ते थांबलं. फूल नाही, कोंब नाही, पानं खालून पिवळी. आळशी माणसाच्या झाडाने आपलं काम उरकून टाकलं होतं. आता ते आळशी माणसासारखं उभं होतं.

मुलगी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी सकाळी उठले. तोलायला काही नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि सवयीने हॉलच्या खिडकीशी, टेबलाकडे गेले.

टेबलावर मशीन होतं. शेजारी पँटींची थप्पी, खडूचा तुकडा, मोजपट्टी, रंगीत रिळं ओळीने लावलेली. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. बायको डोळ्यांसमोर सुई धरून, जागची न हलता दोरा ओवत होती. मशीन तिथे नुकतंच आलेलं नव्हतं. टेबलाच्या कडेला सुयांचे जुने ओरखडे होते, टेबलाखाली कातरणांची टोपली कधीची भरलेली होती. सेक्रेटरींनी आपली खुर्ची शोधली. ती गॅलरीत होती. झाड वर चढवायला लागल्यापासून ती तिथेच होती, आणि टेबलावरून जाता-येता त्यांची नजर फक्त काट्यावर असायची.

दुपारचं ते भांडं त्यांना आठवलं. त्या टिचक्या. रोपवाटिकेला केलेला फोन. सुकत होतं बिचारं.

"म्हणजे तू झाड," ते म्हणाले, "माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठीच की," बायको म्हणाली. तिने मशीनच्या खणातून एक पाकीट काढलं आणि टेबलावर त्यांच्या दिशेने सरकवलं. बियांचं होतं. "हा टोमॅटो सात फूट वाढतो. काठी लागते. रोज बांधावा लागतो, रोज कोंब खुडावे लागतात, फळं थोडी थोडी पण महिनोन्महिने येत राहतात. एक दिवस दुर्लक्ष केलं तर अंगावर येतो, म्हणाल्या त्या बाई. मी विचारलं, जरा सोपी जात आहे का? पण मग म्हटलं, नको. हीच द्या."

सेक्रेटरींनी पाकीट हातात घेतलं. त्यावर छापलेलं निव्वळ वजन वाचलं. पाकीट सोडून होतं, नियमाप्रमाणे. त्यांनी मान डोलावली, वर्तमानपत्र काखेत मारलं आणि ते गॅलरीत गेले.

त्यांच्या मागे गॅलरीचं दार आतून हळूच लोटलं गेलं, आणि मशीन सुरू झालं.